आर्नोकाठची छत्री

परदेशी शिकायला गेलेली मुलं शनिवार-रविवारी काय करतात, हे तुम्ही कधी विचारलंत का? बहुतेक जणी विचारत नाहीत. जेवलास का, थंडी आहे का, परीक्षा कधी, एवढ्यावर आपला फोन संपतो. मग एखाद्या रविवारी पाच-सहा जणांचा हसतानाचा फोटो येतो, मागं कुठलं तरी अनोळखी गाव, आणि आपल्या पोटात गोळा येतो. ही पोरं कोण? रात्री राहिली कुठं? आणि पैसे?

माझ्या नणंदबाईंच्या पोटात तो गोळा गेल्या मार्चमध्ये उठला. त्यांची मुलगी इटलीत बोलोन्याला एम.एस्सी. करते. बोलोन्याचं विद्यापीठ १०८८ सालचं मानतात, युरोपातलं सगळ्यांत जुनं. घरची मिळकत बघून तिथल्या प्रांताकडून शिष्यवृत्ती मिळते, म्हणून तर इचलकरंजीच्या एका साध्या घरातली मुलगी तिथवर पोचली. शिवाय संध्याकाळी ती एका घरची दोन लहान मुलं सांभाळते. आठवड्याला वीस तासांपर्यंत काम करायची विद्यार्थ्यांना परवानगी असते. त्या पैशांतून ती मैत्रिणींबरोबर दोन दिवस फ्लॉरेन्सला निघाली होती.

"शिकायला पाठवलीय का हिंडायला?" नणंदबाईंनी मलाच विचारलं, जणू तिकीट मीच काढून दिलं होतं. बरोबर कोण, तर एक केरळची मुलगी, एक ग्रीक मुलगी, एक इराणी आणि एक ब्राझीलचा मुलगा. "मुलगेही आहेत!" हे त्यांनी दोनदा म्हटलं.

मी काही बोलले नाही. पण भाचीला रात्री निरोप पाठवला, "फ्लॉरेन्सला जातेस तर राजाराम महाराजांची छत्री बघून ये." तिचं उत्तर आलं, "कुठले राजाराम, मामी? आणि फ्लॉरेन्सला?"

तिचं चुकलं नाही. कोल्हापुरात राहूनही पुष्कळांना हे ठाऊक नसतं. शिवाजी महाराजांचे पुत्र राजाराम वेगळे आणि शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम तेही वेगळे. हे मधले. १८६६ साली दत्तक येऊन कोल्हापूरच्या गादीवर बसले. १८७० मध्ये इंग्लंड बघायला गेले. समुद्र ओलांडला की धर्म बुडतो असं म्हणणारी माणसं तेव्हा घरोघरी होती, तरी गेले. विलायतेत व्हिक्टोरिया राणीची भेट झाली. परतीच्या वाटेवर ते आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय वीस! कोल्हापूरचं राजाराम कॉलेज १८८० साली सुरू झालं ते त्यांच्या नावानं. मी शाळेत अर्धा वेळ इतिहास शिकवते, म्हणून ही नावं डोक्यात असतात इतकंच.

तर आधी प्रवासाचं सांगते. बोलोन्याहून फ्लॉरेन्सला जलद गाडी चाळीसेक मिनिटांत पोचवते, पण ती महाग. ही पोरं साध्या गाडीनं गेली, प्रातो या गावी गाडी बदलून. वेळ जास्त लागतो, पण पैसे पुष्कळ वाचतात. वाटेत आपेनिन डोंगराच्या पोटातून अठरा किलोमीटरांहून लांब बोगदा आहे, १९३४ सालचा. तो संपेस्तोवर पुऱ्यांचा अर्धा डबा संपला होता म्हणे. तिखटमिठाच्या पुऱ्या भाचीनं पहाटे उठून लाटल्या होत्या. या मुलीनं इथं असताना कधी कणीक मळली नव्हती, हे नणंदबाईंनी इथं आवर्जून सांगायला सांगितलंय! तुमचं कुणी तिकडं असेल तर एक सांगून ठेवा. साध्या गाडीचं कागदी तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उठवून घ्यावा लागतो. नाही उठवला तर तिकीट असूनही दंड.

शनिवार घुमट बघण्यात गेला. ब्रुनेलेस्कीनं बांधलेला हा घुमट १४३६ साली पुरा झाला. वर जायला ४६३ पायऱ्या आहेत आणि जागा आधीच राखून ठेवावी लागते. यांनी ठेवली नव्हती, म्हणून खालूनच मान दुखेपर्यंत बघितला. मग पोन्ते वेक्यो, म्हणजे जुना पूल. १३४५ सालच्या या पुलावर दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं. पूर्वी तिथं खाटीक बसत. वास सहन होईना म्हणून १५९३ मध्ये तिथल्या सरदारानं त्यांना हलवलं आणि सोनारांना जागा दिली. तेव्हापासून आजतागायत सोनारच. आमच्या कोल्हापूरची गुजरी उचलून नदीवर ठेवली तर कशी दिसेल, तसं. भाचीनं भाव विचारले नाहीत, हे बरं केलं.

रात्री एका स्वस्त वसतिगृहात राहिली. मुलींची खोली वेगळी, एका खोलीत आठ खाटा. रात्रीच्या जेवणाला दुकानातून पाव, टोमॅटो आणि चीज आणलं. तिकडच्या पावात मीठच घालत नाहीत, जुनी पद्धत आहे ती. ब्राझीलच्या मुलाला वाटलं आपल्याला शिळा पाव विकला. भाचीनं शेंगदाण्याच्या चटणीची बाटली काढली. मग पाव आणि चटणी, दोन्हींचं चीज झालं. ती बाटली महिनाभर पुरायची होती, ती तिथंच रिकामी झाली.

रविवार त्यांनी मुद्दाम महिन्याचा पहिला निवडला होता. त्या दिवशी तिथली सरकारी संग्रहालयं फुकट असतात. एरवी युरोपातल्या देशांच्या तरुण मुलांना दोन युरोंत आत सोडतात आणि आपल्या मुलांना पुरं तिकीट पडतं. ग्रीक मुलीला याची लाज वाटायची म्हणे, तिचा काही दोष नसताना. पहिल्या रविवारी सगळी सारखी. सकाळी सातला रांगेत उभी राहून नऊनंतर उफ्फिझीत शिरली. उफ्फिझी म्हणजे नुसत्या कचेऱ्या. मेदिची घराण्याच्या राज्यकारभारासाठी १५६० मध्ये ही इमारत बांधायला घेतली होती. आज तिथं बोत्तिचेल्लीची व्हीनस आहे आणि भिंतभर इतकं काही, की दोन तासांनी डोळे दमतात.

हे सगळं त्या गावातच राहिलं ते एका बाईमुळं, हे मात्र तुम्हांला सांगायलाच हवं. आन्ना मारिया लुईझा ही मेदिची घराण्यातली शेवटची. मूलबाळ नव्हतं, राज्य दुसऱ्याकडं निघालं होतं. तिनं १७३७ साली नव्या राज्यकर्त्यांशी करार केला. चित्रं, पुतळे, पुस्तकं, जडजवाहीर जे काही आमच्या घराण्यानं जमवलं ते तुम्हांला देते, पण त्यातलं काहीही फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. नव्या राज्यकर्त्यानं ते विकून कर्ज फेडलं असतं तर त्याला कोण अडवणार होतं? माहेरचा ठेवा इतक्या शहाणपणानं जपलेला मला दुसरा ठाऊक नाही.

दुपारी दोनला सगळी बाहेर आली तेव्हा पाय मोडले होते. परतीची गाडी संध्याकाळची. केरळच्या मुलीला बाजार बघायचा होता, इराण्याला झोपायचं होतं. भाची म्हणाली, "तुम्ही जा, मला मामींचं एक काम आहे." काय काम, म्हणून तिनं सांगितलं. मग कुणीच बाजाराला गेलं नाही.

स्टेशनाजवळून ट्राम घेतली, थोडं पुढं कास्चिने नावाची बाग लागते. बाग कसली, नदीकाठानं साडेतीन किलोमीटर लांब पसरलेली झाडीच. छत्री तिच्या अगदी पलीकडच्या टोकाला. तेवढं चालायचं. उन्हाला उतार लागला होता, बापे सायकली हाकत होते, आज्या बाळांच्या गाड्या ढकलत होत्या. वाटेत एका आजोबांना विचारलं, तर त्यांनी नुसतं "इंदियानो?" म्हटलं आणि हात पुढं केला. त्या जागेचं नावच ते पडलंय. इंदियानो, म्हणजे हिंदी माणूस. १९७८ मध्ये जवळच नदीवर मोठा पूल झाला, त्यालाही तेच नाव. नाव गाव काही नाही, नुसता हिंदी माणूस! कोल्हापूरचा राजा तिकडं तेवढाच उरलाय.

महाराज गेले तेव्हा फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती. दहन ही गोष्ट त्या लोकांनी कधी पाहिलेली नव्हती. खास परवानगी काढावी लागली. आपल्या रीतीप्रमाणं संगमावर व्हावं म्हणून बागेच्या टोकाला, जिथं मुन्योने ही छोटी नदी आर्नोला मिळते, तिथं १ डिसेंबरला चिता रचली. १८७४ मध्ये त्या जागी छत्री झाली. चार खांब, वर घुमटी, आत फेटा बांधलेला महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. तो पुतळा फुलर नावाच्या इंग्रजानं घडवला. छत्रीचा आराखडा मेजर मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि टाऊन हॉलही त्यांनीच आखले. म्हणजे टाऊन हॉलच्या बागेत आपण भेळ खातो, तो हात आणि आर्नोकाठचा हा हात एकच.

भाचीनं तिथून आईला मोबाईलवर लावलं. मी त्या दिवशी इचलकरंजीलाच होते, म्हणून हे मी कानांनी ऐकलंय. आधी पडद्यावर पाणी दिसलं. नणंदबाई ओरडल्या, "कडेला जाऊ नकोस!" मग छत्री दिसली, पुतळा दिसला, मागं ती चौघं दमून गवतावर बसलेली. भाचीनं इंग्रजी लेख वाचून दाखवला. वय ऐकल्यावर नणंदबाई गप्प झाल्या. त्यांची लेक तेवीसची.

"संगमावर केलं म्हणतेस?" त्यांनी विचारलं. "आपल्या वाडीसारखं?"

"हो, पण वाडीपेक्षा लहान आहे गं संगम."

"आणि घरी कधी कळलं असेल?"

हे भाचीला येत नव्हतं, तिनं माझ्याकडं टोलवलं. त्याच वर्षी मुंबईपर्यंत समुद्राखालची तार आली होती, त्यामुळं बातमी बोटीआधी पोचली असणार, एवढं मी सांगितलं. नणंदबाईंनी मान हलवली. तारेनं त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

तेवढ्यात मागून इराणी मुलानं काहीतरी विचारलं. तो दोन वर्षं घरी गेलेला नाही. भाचीनं आम्हांला सांगितलं, "विचारतोय, शेवटी त्यांच्याजवळ घरचं कुणी होतं का." नणंदबाईंनी माझ्याकडं पाहिलं. होती, बरोबर गेलेली कोल्हापूरची माणसं होती, मी म्हटलं. ते तिकडं सांगितल्यावर त्या मुलानं छातीवर हात ठेवून आमच्याकडं बघून मान लववली. नणंदबाईंनी पदर सारखा केला आणि लेकीला म्हणाल्या, "त्याला विचार, पुरी मिळाली का त्याला." पुऱ्या संपल्या होत्या. "मग बोलोन्याला गेल्यावर परत कर," असं सांगून त्यांनी फोन ठेवला. मुलगे कोण, कुठले, हे त्यानंतर त्यांनी विचारलेलं नाही. उलट दर रविवारी, या आठवड्यात कुठं जाणार, असं विचारतात. लेक म्हणते, "आई, मला अभ्यास आहे."

महाराजांनी या प्रवासात इंग्रजीतून रोजनिशी लिहिली होती. बरोबर गेलेल्या कॅप्टन वेस्ट यांनी ती १८७२ मध्ये लंडनला छापली. जुनं पुस्तक आहे, मोबाईलवर वाचायला मिळतं. रात्री जेवणं उरकली की मी नणंदबाईंना फोन करते आणि त्यातली दोन पानं मराठीत सांगते. अजून महाराज लंडनमध्येच आहेत. नणंदबाई म्हणतात, सावकाश वाच, घाई नाही.