पंचवीस मिनिटांचे अंतर

आपल्या देशाला घड्याळ एकच. मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर ते लावलेले आहे, असे शाळेत पाठ केले आणि त्याचे मार्कही मिळवले. पण सूर्याला हे कोणी कळवलेले दिसत नाही. आमचे वेंगुर्ले ७३ अंश ३८ मिनिटे पूर्व रेखांशावर आणि गडचिरोली जिल्ह्यातले सिरोंचा सुमारे ७९ अंश ५८ मिनिटांवर. अंशाला चार मिनिटे धरली, तर सिरोंचाचा दिवस आमच्याआधी पंचवीस मिनिटे सुरू होतो आणि तितकाच आधी संपतो. सिरोंचा थोडे उत्तरेलाही आहे, म्हणून डिसेंबरात संध्याकाळचा फरक अर्ध्या तासावर जातो. तिकडे साडेपाच वाजून गेले की सूर्य बुडतो. इकडे सहा वाजून गेले तरी तो समुद्रावर रेंगाळतच असतो.

भूगोल माझा विषय नाही. हा हिशेब मी केला तो दादासाठी. तो राज्य राखीव पोलीस दलात आहे आणि सध्या सिरोंचाला बंदोबस्तावर आहे. बारावी होताच तो भरती झाला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली, आणि ती पायरी त्याच्या पगारावर उभी आहे.

दोन्ही गावे महाराष्ट्राच्या अगदी कडेला. सरळ रेघ मारली तरी मध्ये साडेसातशे किलोमीटर भरतील. आमच्या पलीकडे गोवा, त्यांच्या पलीकडे प्राणहिता आणि नदी ओलांडली की तेलंगण. आमच्याकडे मासळीबाजाराची वेळ घड्याळ ठरवत नाही, होड्या ठरवतात. भरती-ओहोटी तर रोज पाऊण तासाहून जास्त पुढे सरकते, त्यामुळे बाबांना 'किती वाजता येणार?' असे विचारणेच व्यर्थ. (आमच्या सरांनी हाजिरी घेताना याचा विचार करावा!) बाजारातला माणूस उधारीबद्दल तासभर भांडेल आणि शेवटी चहा पाजेल.

सिरोंचाची माणसे, दादा म्हणतो, कमी बोलतात. निदान त्याच्याशी तरी. गणवेशातल्या माणसाशी कोण मोकळे बोलणार? घरात तेलुगू, शाळेत मराठी. मे महिन्यात दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते, सगळा व्यवहार सकाळी नाहीतर दिवे लागल्यावर. प्राणहिता थोडे पुढे जाऊन गोदावरीला मिळते, समोर कालेश्वर. समुद्र बघत वाढलेला दादा सुट्टीच्या दिवशी नदी बघत बसतो. एका टपरीवाल्याने पहिल्यांदा आपणहून त्याला विचारले, 'टैम एंता अयिंदी?' किती वाजले, एवढेच. पण दादाने ते तीन शब्द आम्हाला फोनवर दोनदा म्हणून दाखवले.

१९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली तेव्हा मुंबईकरांनी तिला मोठा विरोध केला आणि १९५५ पर्यंत आपली एकोणचाळीस मिनिटे मागची वेळ जपली. पूर्वी मला तो निव्वळ हट्ट वाटायचा. आता वाटते, आपल्या डोक्यावरचा सूर्य दुसऱ्याच्या हिशेबाने का मोजावा, हा त्यांचा प्रश्न काही खोटा नव्हता.

आई शाळेत गेलेली नाही. तुळशीपुढे दिवा लावायच्या वेळी ती फोन लावते आणि पहिला प्रश्न एकच, 'थंय काळोख पडलो काय रे?' वर्तमानपत्रात गडचिरोलीचे नाव ज्या बातम्यांत येत आले, त्या तिला कोणीतरी वाचून दाखवल्या आहेत. तिची भीती काळोखाची आहे, आणि तिकडे काळोख आधी पडतो हे मीच तिला शहाणपणाने समजावून दिले.

परवा तिला बरे वाटावे म्हणून सांगितले, जूनमध्ये संध्याकाळचा फरक वीस मिनिटांवर येतो, तेव्हा आपला नि दादाचा सूर्य जवळजवळ बरोबरच मावळतो.

ती म्हणाली, 'मगे तो जूनात येतलो?'