लेव्हचेन्को

मी मॉस्कोत शिकायला गेलो तेव्हा गायक-नट व्लादिमीर व्हिसोत्स्की जाऊन काही वर्षं झाली होती. तरी वसतिगृहात तो सतत असायचा: टेपवरच्या खरखरीत आवाजात, आणि 'भेटीची जागा बदलता येणार नाही' टीव्हीवर पुन्हा लागली की पोलीस अधिकारी ग्लेब झेग्लोव म्हणून. दिग्दर्शक गोवोरुखिनची ही पाच भागांची मालिका १९७९ सालची, वायनेर बंधूंच्या कादंबरीवरची. महायुद्ध नुकतंच संपलेलं, १९४५ चं मॉस्को, 'काळं मांजर' टोळीचा उच्छाद.

आम्ही पोरं झेग्लोवच्या बाजूची. खिसेकापू पाकीट टाकून मोकळा होतो आणि झेग्लोव ते उचलून गुपचूप त्याच्याच खिशात सरकवतो. आघाडीवरून आलेला सरळमार्गी शारापोव हरकत घेतो, तेव्हा आम्हाला त्याचाच राग यायचा.

नव्वदच्या दशकात मी मुंबईत नोकरीला होतो. 'चकमकीत ठार' अशी बातमी वाचून लोकलमधली चांगली माणसं खूश व्हायची, आणि मला ते पाकीट आठवायचं.

आता मालिका लावतो ती शेवटच्या भागासाठी. शारापोव टोळीतल्या फॉक्सचा निरोप्या बनून टोळीच्या अड्ड्यावर जातो. त्याचे हात बघून टोळीला शंका येते, तर तो पियानोवर शोपँ वाजवतो. मग फर्माईश होते 'मुर्का'ची, गुन्हेगारांच्या लाडक्या गाण्याची, आणि तेही तो वाजवतो. सोंग जमतंय असं वाटतं तोच लेव्हचेन्को येतो. युद्धात शारापोवबरोबर लढलेला, त्याला पक्का ओळखणारा. एक शब्द पुरला असता. लेव्हचेन्को तो उच्चारत नाही.

टोळीसाठी पोलिसांनी लावलेला सापळा यशस्वी होतो. तळघरातून एकेक गुंड हात वर करून बाहेर येतो. लेव्हचेन्को मात्र पळत सुटतो, कारण त्याला पुन्हा तुरुंगात जायचं नाही. शारापोव ओरडत राहतो आणि झेग्लोव गोळी घालतो. एकाच्या लेखी डाकू मेला, दुसऱ्याच्या लेखी आपला जीव वाचवणारा माणूस. व्हिसोत्स्कीने इथे झेग्लोवला जराही मऊ केलेलं नाही. नट म्हणून तो मला इथेच सर्वांत मोठा वाटतो.

कादंबरीत शारापोवची प्रेयसी वार्याही मारली जाते. पडद्यावर ती जिवंत आहे, कडेवर बाळ आहे. पूर्वी मला हा शेवट गोड करून घेतलेला वाटे. आता वाटतं, तितका गोड तो नाहीच, कारण त्या घरात शिरणाऱ्या शारापोवच्या चेहऱ्यावर मला अजून लेव्हचेन्कोच दिसतो.