ओल्या पायांनी

बुऱ्हाणपुरात राजघाटाच्या पायरीवर बसून मी ओल्या पायात मोजा चढवत होतो आणि तो टाचेपाशी अडला होता. नुकताच तापीतून बाहेर आलो होतो. बोटे गारठलेली, कानांत अजून पाण्याचा घुमारा, छाती भात्यासारखी हलत होती. दीड किलोमीटर पोहून झाले होते. पुढे चाळीस किलोमीटर सायकल होती आणि तिच्यानंतर दहा किलोमीटर धावणे. त्या घटकेला मी पोहणारा उरलो नव्हतो आणि सायकलस्वार अजून झालो नव्हतो. कार्तिकातल्या एका रविवारी सकाळी, पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा एक माणूस हातात मोजा धरून दोन्हींच्या मधे बसला होता. त्या दिवसातले पुष्कळ काही आता पुसट झाले आहे. ती पायरी मात्र लख्ख आठवते.

ट्रायथलॉनमध्ये या मधल्या जागेला ट्रान्झिशन म्हणतात. पोहून सायकलीकडे येताना एकदा, सायकल ठेवून धावायला निघताना दुसऱ्यांदा. गॉगल काढा, हेल्मेट घाला, बूट चढवा. या जागेत अंतर कापले जात नाही, पण घड्याळ चालू असते. इथली मिनिटेही एकूण वेळेत मोजली जातात. म्हणून जाणती माणसे हिला शर्यतीचा चौथा भाग मानतात. आम्ही चौघांनी तिला आपले नाव दिले होते, पालट.

चौघे म्हणजे एक केळीच्या बागा सांभाळणारा, एक यंत्रमागावर कापड काढणारा, एक शाळेत गणित शिकवणारी मैत्रीण आणि औषधाचे दुकान चालवणारा मी. ओळख शाळेपासूनची. सुरुवात मैत्रिणीने केली. 2019 मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा आयर्नमॅन 70.3 शर्यत झाली, ती तिने काठावर उभी राहून पाहिली होती. समुद्रात 1.9 किलोमीटर, सायकलवर 90 आणि वर 21.1 किलोमीटर धाव. ते आकडे ऐकूनच आम्ही गप्प झालो. मग तिने वहीच्या कोऱ्या पानावर दुसरे तीन आकडे लिहिले: 1.5, 40, 10. सन 2000 मध्ये सिडनीला ट्रायथलॉन पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली, ती याच अंतरांची. “असीरगडचा पायथा इथून वीस किलोमीटरच्या आसपास,” ती म्हणाली. “जाऊन-येऊन चाळीस. नदी आपली, रस्ता आपला. आणखी काय लागतं?”

या खेळाचा जन्मही असाच घरगुती आहे. 25 सप्टेंबर 1974, बुधवारची संध्याकाळ. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोच्या मिशन बे या खाडीकाठी धावणाऱ्यांच्या एका क्लबाने या खेळाची पहिली शर्यत ठेवली. उतरले 46 जण. शेवटची माणसे पाण्यात असतानाच अंधारून आले, तेव्हा मोटारींचे दिवे लावून त्यांना उजेड केला गेला. खेळाच्या इतिहासात विक्रमांचे आकडे खूप असतात. मला या गोष्टीतला तो उजेड जवळचा वाटतो.

तापीत आम्ही लहानपणी डुंबलो होतो, पण डुंबणे वेगळे आणि सरळ रेषेत पोहत राहणे वेगळे. तलावात तळाला रेघ असते. नदीत तळच दिसत नाही. दर आठ-दहा हातांनी डोके वर काढून एखादी खूण धरावी लागते. आमची खूण म्हणजे पात्रातला दगडी हत्ती. पाण्यात मान घातली की हिरवट काळोख, वर काढली की तो हत्ती, तिथल्या तिथे, निवांत. शेजारून नाव चालवणारा नावाडी काही बोलत नसे. कोणी भरकटले की फक्त वल्ह्याने नावेच्या कडेवर दोनदा ठोके देई. त्या ठोक्यांवर विश्वास ठेवायला मला तीन महिने लागले, आणि तो बसल्यावर श्वासही बसला.

आम्ही एकच नियम केला होता. पाण्यात, रस्त्यावर ज्याची त्याची गती. पालटातून मात्र कोणी एकट्याने निघायचे नाही. म्हणून माझा मोजा अडला तेव्हा तिघेही सायकली धरून उभे होते. केळीवाला खाली बसला, टाच आपल्या पंच्याने कोरडी केली आणि म्हणाला, “घाई नको करू भो. पाय आधी जमिनीचा होऊ दे.”

पाय जमिनीचा होऊ दे. पाण्यात तासभर शरीर आडवे असते, मग एकाएकी उभे राहिले की डोके हलके होते, पायऱ्या डोलतात. रक्तालाही नव्या चालीची सवय व्हायला वेळ लागतो. तो वेळ देण्यावाचून इलाज नसतो.

आमचे बुऱ्हाणपूर हे असेच पालटाचे गाव आहे. दख्खनचा दरवाजा म्हणून ते ओळखले गेले, आणि दरवाजात कोणी मुक्कामाला येत नाही. मुमताजमहल 17 जून 1631 रोजी इथे वारली. नदीपलीकडे झैनाबादच्या आहुखान्यात तिचे शरीर सहाएक महिने विसावले आणि मग आग्र्याला गेले. पुरंदरचा तह करणारे मिर्झाराजे जयसिंग 1667 मध्ये परतीच्या वाटेवर इथेच संपले. 1760 मध्ये सदाशिवरावभाऊंचे सैन्य पानिपताकडे गेले ते याच गावावरून. आम्ही घरात मराठी बोलतो, बाजारात हिंदी, मागांच्या गल्लीत उर्दू कानावर पडते, आणि एका वाक्यात तिन्ही येऊन गेल्याचे कोणाच्या ध्यानातही येत नाही. लहानपणी मला याचे वाईट वाटे. सगळे इथून जातात, इथे येत कोणी नाही, असे वाटे.

चार वर्षांपूर्वी वडील गेले. अस्थी तापीत सोडून मी याच नदीच्या पायऱ्यांवर बसलो होतो. घरी जायचे होते, दुसऱ्या दिवशी दुकान उघडायचे होते, गल्ल्यावर त्यांच्या खुर्चीत बसायचे होते. उठता येईना. हे तिघे माझ्याबरोबर संध्याकाळपर्यंत बसले. कोणी समजूत घातली नाही. दिवेलागणीला मी उठलो तेव्हा तेही उठले. आमचा नियम त्या दिवशीच झाला होता. वहीत तो पुढे कधीतरी लिहिला गेला, एवढेच.

सायकली निघाल्या. सकाळच्या उन्हात केळीची पाने ओली चमकत होती, घडांना गुंडाळलेल्या पिशव्या वाऱ्याने फडफडत होत्या. निंबोल्यापुढे रस्ता चढू लागतो आणि सातपुडा जवळ येतो. असीरगड फार दुरून दिसतो आणि फार उशिरा जवळ येतो. 1601 मध्ये अकबराच्या हाती पडण्याआधी या गडाने वेढ्यात कितीतरी महिने काढले होते. आम्हाला गड घ्यायचा नव्हता. पायथ्याला एक पाय टेकायचा, वर पाहायचे आणि वळायचे. मैत्रीण माझ्या आधी वळली होती. समोरून येताना तिने हात उंचावला आणि उतारावर निघून गेली.

दुसरा पालट पहिल्याहून अवघड निघाला. दीड-दोन तास पाय गोल फिरत असतात, कंबर वाकलेली असते. खाली उतरून धावू म्हटले तर मांड्या लाकडाच्या होतात. यंत्रमागवाल्याच्या पोटरीत गोळा आला. तो घाटावर आडवा झाला, मी त्याचा अंगठा त्याच्याकडे ओढून धरला. “धागा तुटा है, जोड़ लेंगे,” तो म्हणाला. माग थांबवून धागा जोडायचे काम त्याने आयुष्यभर केले आहे. सात मिनिटे गेली. चौघांचीही गेली.

मग शहरातून लालबागच्या दिशेने पाच किलोमीटर आणि परत. धावताना मला पायाखालच्या कुंडी भंडाऱ्याची आठवण येत होती. अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, 1615 मध्ये, सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारातून शहराकडे आणण्यासाठी हे काम झाले. वरून पाहिले तर शंभराहून अधिक सुट्या विहिरी वाटतात. खाली एकच पाणी एका कुंडीतून दुसरीत चालत असते. एकदा मी आत उतरलो होतो. अंधारातून येणारे पाणी कुंडीच्या तळाशी येते, वरच्या गोल तोंडातून क्षणभर आभाळ त्याच्यावर पडते, हवा लागते, आणि ते पुढच्या अंधारात शिरते. ही तोंडे नसती तर आत उतरून भुयार साफ कसे केले असते, हवा कुठून गेली असती? आमचे पालट मला त्या कुंड्यांसारखे वाटले. थांबल्यासारखे दिसणारे, आणि वाहते ठेवणारे.

शेवटची फेरी संपली तेव्हा ऊन डोक्यावर आले होते. यंत्रमागवाला सर्वांत मागून, एक पाय जपत आला. नावाड्याने नावेतूनच वल्हे उचलून कडेवर दोन ठोके दिले.

आम्ही चौघे पुन्हा त्याच पायरीवर बसलो. बूट काढले. घामाने भिजलेला मोजा या वेळी एका ओढीत निघाला. चारही जणांनी पाय तापीत सोडले, आणि उठायची घाई कोणालाच नव्हती.