तेरड्याचे दिवस

गौरींच्या तोंडावर पनवेलच्या बाजारात तेरड्याच्या जुड्या विकायला येतात. मुळं धुतलेली, देठ सुतळीनं बांधलेले, गुलाबी फुलं उन्हानं जराशी मलूल झालेली. रायगडात कितीतरी घरांत गौर म्हणजे मुळासकट आणलेली तेरड्याची रोपंच. त्यांनाच साडी नेसवायची, त्यांनाच मुखवटा बसवायचा. हे झाड कुणी पेरत नाही की त्याला पाणी घालत नाही. पावसाळ्यात बांधावर, दरडीवर, पडक्या भिंतीवर ते आपसूक येतं. अशा झाडाला बाजारात भाव यावा, ही गोष्ट मनात अडकून राहते आणि तिथूनच बागांचा विचार सुरू होतो. बागा बघायच्या त्या हिवाळ्यात, अशी आपली समजूत आहे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आसपास भरतं, मुंबईत राणीच्या बागेतलंही त्याच दिवसांत. ती प्रदर्शनं सुंदर असतात, पण कुंडीतली डेलिया आणि पिटुनिया रोपवाटिकेची हुशारी सांगतात. त्या जागेबद्दल फार काही सांगत नाहीत. जागा कशी आहे हे कळायचं असेल तर भाद्रपदाच्या मध्यापासून दसऱ्यापर्यंतचे दिवस खरे. आणि पहिली बाग बघायची ती उरण तालुक्यातल्या जासईच्या डोंगरउतारावर.

काळ्या कातळावर वीतभर माती आणि तिच्यावर चार महिन्यांचा धो धो पाऊस, एवढ्याच भांडवलावर ती बाग उभी राहते. तेरडा दाटीनं, कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे, आघाडा, भारंगी, आणि कुंपणाच्या झुडपांतून वर चढलेली कळलावी. कळलावीच्या पानाचं टोकच सुतासारखं लांबतं आणि शेजारच्या फांदीला वेटोळं घालतं. वेगळा ताणा तिला लागत नाही. पाकळ्या उलट्या वळलेल्या, आधी हिरवट पिवळ्या, मग बुडाशी पिवळ्या आणि टोकाला लाल. तेरड्याकडे तर वाकूनच बघावं. फुलामागे बारीक, वाकडी, पोकळ नळी असते आणि तिच्यात मध. फूल उमलतं तेव्हा त्याचे परागकोश एकत्र चिकटून कुक्षीवर टोपीसारखे बसलेले असतात. पराग देऊन झाला की ती टोपी अख्खी गळते आणि मगच कुक्षी उघडी पडते. म्हणजे एकच फूल आधी नर, मग मादी. पिकल्या बोंडाला बोट लागलं की त्याची पाच फाकं झटक्यात आत वळतात आणि बिया उडतात. त्या पुढच्या मृगापर्यंत मातीत पडून राहतात. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण एका फुलापुरती खरी असेल. उतार मात्र कित्येक आठवडे गुलाबी असतो, आणि या झाडाला आपण उथळपणाचं उदाहरण करून टाकलं हे मला पटत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे रान झालं, बाग कशी? बागेला माणसाचा हात हवा. हे अगदी मान्य, पण हात इथेही आहे. भातशेतीच्या गावात बांध दरवर्षी मातीनं दुरुस्त होतो, त्यावरचं गवत गुरांसाठी कापलं जातं, उतारावर गुरं चरतात. गवताची उंची आटोक्यात राहते म्हणून तर तेरड्यासारख्या नाजूक देठाच्या झाडाला ऊन मिळतं. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर हेच मोठ्या प्रमाणावर दिसलं. साडेआठशेहून अधिक सपुष्प वनस्पतींचं ते पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत गेलं. गर्दी वाढली, म्हणून कुंपण घातलं. गुरांची वाट अडली, गवत माजलं, फुलं कमी झाल्याची तक्रार सुरू झाली आणि पुढे ते कुंपण काढावं लागलं. ज्याला आपण निसर्ग म्हणून तिकीट लावलं, त्यात गुराख्याचाही वाटा होता. बागेत माळी दिसत नाही एवढ्यावरून तिथे माळी नाही असं म्हणता येणार नाही.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. जासई हे प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं गाव. १९७० मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको आली, ठाणे-रायगडमधल्या पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी लढताना या भागातले पाच जण पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मे झाले आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. ज्यांनी भाताची खाचरं आणि मिठागरं गमावली, त्यांच्यापुढे तेरड्याच्या गोष्टी काय सांगता? आक्षेप रास्त आहे. पण जमिनीचा हिशोब मागताना माणसं पिकाचा मागतात, घराचा मागतात; बांधाचा हिशोब कुठल्याच कागदावर येत नाही. आणि तो यायला काय लागतं, हे बघायला खाडीपलीकडे जावं लागेल.

जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू चिर्ले-जासईच्या बाजूनं निघून शिवडीला उतरतो, जवळपास बावीस किलोमीटर. या शिवडीतही एकेकाळी बाग होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी नावाच्या संस्थेनं तिथे वनस्पती उद्यान उभं केलं होतं. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला दफनभूमीसाठी जागा हवी झाली आणि ती या बागेचीच घेतली गेली. शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी ती हीच. बाग भायखळ्याला हलली आणि १८६२ मध्ये लोकांसाठी उघडली. नाना शंकरशेट आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे कष्ट तिच्यामागे होते. हीच राणीची बाग, आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तिथे आफ्रिकेची गोरखचिंच आहे, ब्रह्मदेशची उर्वशी आहे, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती आहे, आणि पावसानं धुतलेल्या अश्विनात या झाडांचे बुंधे जितके देखणे दिसतात तितके एरवी क्वचितच. तेव्हा स्वदेशी झाड तेवढंच खरं, असा माझा हट्ट नाही. दीडशे वर्षं एका जागी राहिलेलं झाड तिथलंच होतं. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या नूतनीकरणाची मोठी योजना आली, तेव्हा काही नागरिकांनी, त्यांत बहुतेक स्त्रिया, झाडं ओळखून त्यांची नावनिशी नोंद केली आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ती योजना मूळ रूपात पुढे गेली नाही. शिवडीची बाग हलवता आली, राणीची बाग राखता आली, कारण दोन्हींची यादी होती. झाडाचं नाव विचारलं तर सांगणारं कुणी होतं. जासईच्या उताराची यादी कुठे आहे? शिवाय तो हलवता येत नाही. नवी मुंबईच्या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली. अशी टेकडी जाते तेव्हा वीतभर माती जाते आणि मातीबरोबर पुढच्या मृगाच्या बिया.

यादी करण्याची सोय कायद्यानं दिलेली आहे. जैवविविधता कायदा २००२ चा. त्यानुसार गावोगाव जैवविविधता समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी या नोंदवह्यांचा आग्रह धरला तो गावकऱ्यांच्या ज्ञानावर विश्वास ठेवून. पण पाहणी कुठल्या महिन्यात होते यावर सगळं अवलंबून आहे. चैत्र-वैशाखात जासईच्या उतारावर गेलं तर वाळलेलं गवत, उघडा कातळ आणि धूळ दिसेल. कळलावी तेव्हा जमिनीखाली कंद होऊन बसलेली असते, तेरडा नुसत्या बियांत असतो. पाहणी करणारा प्रामाणिकपणे लिहील की इथे विशेष काही नाही, आणि तो कागद खाणीच्या परवानगीला जोडला जाईल. म्हणून फेरी भाद्रपद-अश्विनातच निघावी. रानभाजी खुडणाऱ्या आणि पत्री गोळा करणाऱ्या बायका पुढे, वनस्पती ओळखणारं कॉलेजातलं कुणी सोबत, आणि नोंदवहीत झाडाच्या नावाशेजारी दरडीचं नाव आणि महिन्याचा रकाना.