सोलापुरांतील स्वरान्त शब्द

गेल्या संक्रांतीस सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठीं सोलापुरास गेलों होतों. बरोबर नात होती. ती हल्लीं इटालियन भाषा शिकते, आणि शब्दांची फोड करण्याचा तिला नादच लागला आहे. गाडींत तिनें माझी शाळाच घेतली म्हणाना! त्या भाषेंत बहुतेक शब्द स्वरान्त. आघात बहुधा उपान्त्य अक्षरावर. द्वित्त व्यंजन आलें कीं तें मधोमध दुभंगावयाचें. मांजर म्हणजे 'गात्-तो'. आपल्या 'सत्ता'ची फोड याहून निराळी ती काय? पण आघात हलला कीं तेथें अर्थही हलतो : 'आन्कोरा'चें पहिलें अक्षर ठासून म्हटलें तर नांगर, दुसरें ठासलें तर 'अजून'.

दुसऱ्या दिवशीं पूर्व भागांत गेलों. तेथें पद्मशाली विणकरांची जुनी वस्ती. पूर्वज तेलंगणांतून आलेले, घरची भाषा तेलुगू. युरोपियनांनीं तिला 'पूर्वेकडील इटालियन' म्हटलें, तें याच स्वरान्त शब्दांमुळें. आपण 'देव' लिहितों आणि शेवटचा 'अ' गिळतों, तेथें 'देवुडु'. परकी 'बस'सुद्धां 'बस्सु' होऊनच घरांत येते.

एका ओसरीवर वृद्धेनें नातवाजवळ 'नीळ्ळु' म्हणजे पाणी मागितलें. "आणतों, आजी," असें चोख मराठींत उत्तर आलें. माझी नात 'नीळ्-ळु, नीळ्-ळु' पुटपुटूं लागली. म्हातारी जवळ सरकली आणि शेवटचा 'उ' स्पष्ट करून तिच्याकडून तो शब्द पुनःपुन्हां म्हणवून घेऊं लागली. नातू तांब्या घेऊन उभाच होता.