आकड्याला हद्द असते

२०११च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ भरली. देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत सर्वाधिक. आकडा खरा आहे. पण १ ऑगस्ट २०१४ला पालघर वेगळा झाला आणि त्यातली जवळपास ३० लाख माणसं नव्या जिल्ह्यात गेली. आता कुणी हा आकडा आजच्या ठाण्याच्या क्षेत्रफळाने भागला, तर दोन खऱ्या नोंदींतून एक खोटी घनता जन्माला येते.

वेबवरच्या अशा नोंदींची रचना ठरवणं हे माझं काम. त्यासाठीचं आरडीएफ हे मानक १९९९चं. त्यात प्रत्येक विधान तीन पदांचं: ठाणे, लोकसंख्या, आकडा. एवढ्या आटोपशीर साच्यातून जगभरचा डेटा एकमेकांशी जोडता येतो, याचं मला आजही अप्रूप आहे. पण केव्हा, कोणत्या हद्दीत, कुणाच्या मोजणीनुसार, यांना त्या तीन पदांत जागा नाही.

त्यावर वाटा निघाल्या. २०१४च्या आवृत्तीने विधानांच्या गठ्ठ्याला नाव देण्याची सोय प्रमाणित केली. एका जनगणनेची सगळी विधानं एकत्र येतात, तिथे मी हीच वाट धरते. २०१२मध्ये सुरू झालेल्या विकिडेटात मात्र एकेका विधानालाच क्वालिफायर लावतात: कधीपासून, कधीपर्यंत, कशी मोजणी. विधानागणिक संदर्भ बदलत असेल, तर क्वेरी लांबली तरी हेच टिकतं.

अवघड प्रश्न पुढेच आहे. उस्मानाबाद जिल्हा २०२३मध्ये धाराशिव झाला. तिथे ओळख-क्रमांक तोच ठेवून नावांना तारखा लावल्या की भागतं. ठाण्याची तर हद्दच बदलली. म्हणून मी जिल्हा एकच ठेवते, त्याच्या हद्दींच्या तारीखवार वेगळ्या नोंदी करते आणि लोकसंख्या जिल्ह्याला नव्हे, त्या त्या हद्दीला जोडते.

सातबाऱ्यावर फेरफार झाला की जुनं नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात आणि फेरफार क्रमांक लिहितात. वेबवरच्या डेटालाही हीच शिस्त हवी. मुदत संपलेलं विधान चुकीचं नसतं. ते त्याच्या काळापुरतं खरंच राहतं. त्यामुळे रचना आखताना प्रत्येक मूल्याला विचारावं: कधीपर्यंत, कोणत्या हद्दीत, कुणी मोजलं? उत्तर आज हाती नसेल, तर रकाना रिकामा ठेवावा, पण ठेवावाच.