पत्र्यावर सर वाजली की...

विक्रोळीच्या सूर्यनगरात १८ जुलै २०२१ रोजी घरांवर दरड कोसळली. आमच्या वन्सं तिथून जवळच राहतात. त्यानंतर पत्र्यावर सर वाजली की त्या मुलांना घेऊन दारात उभ्या! कुणी अंगारा सुचवला. मनोविकाराच्या डॉक्टरांनी मात्र डोळ्यांच्या हालचालींचा उपचार दिला. अमेरिकेच्या फ्रान्सिन शापिरो यांनी १९८७ साली तो सुरू केला. भयाचा प्रसंग मनात आणून डॉक्टरांच्या हलत्या बोटांमागे नजर फिरवायची. आठवण पुसत नाही, तिची धार बोथटते. हे संमोहन नव्हे, माणूस पूर्ण जागा असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये त्याची शिफारस केली. पण बोटे कुणीही हलवील! ‘याचे रीतसर शिक्षण घेतलेय का?’ हे आधी विचारा. जवळ कुणी ठाऊक नसेल, तर १४४१६ या सरकारी नंबरावर फोन करा. मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.